आधी शिक्षा, मग सुनावणी!

चाकावर पोट असणाऱ्या बाईचे लायसन आणि आपली सल्ला केंद्रे

सल्ला केंद्रात बाई आली की नोंदवहीत तक्रारीचा प्रकार लिहावा लागतो. मारहाण, हुंडा, पोटगी, दुसरे लग्न, मुलांचा ताबा, घरातून हाकलणे. पुढे त्यात कामाच्या ठिकाणचा लैंगिक छळ आला, आणि तो यावा म्हणून आपल्याला किती वर्षे भांडावे लागले ते आपल्याला ठाऊक आहे. पण पोलिसांनी लायसन काढून घेतलेली रिक्षावाली बाई आली तर तिची तक्रार कोणत्या रकान्यात लिहायची? असा रकानाच नाही. तिला सांगितले जाते, "ताई, हे ट्रॅफिकचं काम आहे, आरटीओत जा." आरटीओच्या फाटकात तिला एजंट भेटतो. कायदा काय म्हणतो ते त्यालाही ठाऊक नसते, पण कोणाला किती द्यायचे ते नेमके ठाऊक असते.

मी एका जिल्ह्याच्या गावी वकिली करते आणि आठवड्यातून दोन दिवस स्त्रियांच्या केंद्रात बसते. माझे म्हणणे सरळ आहे. जी बाई गाडी चालवून पोट भरते तिचे लायसन म्हणजे तिची जमीन, तिचे दुकान, तिची नोकरी. ते निलंबित होणे हा वाहतुकीचा किरकोळ मामला नाही, तिच्या भाकरीचा प्रश्न आहे. आणि ते परत मिळवण्यासाठी तिच्याबरोबर उभे राहणे हे स्त्री चळवळीचे काम आहे, पोटगीच्या अर्जाइतकेच.

कायदा काय सांगतो

मोटार वाहन कायदा १९८८ सालचा. त्याच्या कलम १९ प्रमाणे लायसन देणाऱ्या अधिकाऱ्याला ते काही काळापुरते थांबवण्याचा किंवा कायमचे रद्द करण्याचा अधिकार आहे. मात्र दोन अटी आहेत. आधी त्या व्यक्तीला आपले म्हणणे मांडण्याची संधी दिली पाहिजे आणि आदेशात कारणे लेखी दिली पाहिजेत. आदेशाविरुद्ध ३० दिवसांत अपील करता येते. कागदावर हे न्याय्य दिसते.

आता २०१९ सालची दुरुस्ती पाहा. तिने कलम २०६ ला चौथे पोटकलम जोडले. वेगमर्यादा मोडणे, धोकादायक चालवणे, दारू पिऊन चालवणे, रस्त्यावर शर्यत लावणे, नादुरुस्त गाडी चालवणे, दुचाकीवर तिघे बसणे, हेल्मेट न घालणे, रुग्णवाहिकेला वाट न देणे, यांपैकी काही घडले असे पोलिसाला "वाटले", तर त्याने लायसन जप्त करून आरटीओकडे पाठवायचे. त्या बदल्यात पोच द्यायची. आणि कायदा स्पष्ट सांगतो की या पोचेवर गाडी चालवता येणार नाही.

याचा अर्थ नीट समजून घेऊ. पूर्वीपासून असलेल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या पोटकलमाखाली लायसन घेतले तर मिळणारी पोच दाखवून गाडी चालवता येते. चौथ्या पोटकलमाखाली घेतले तर त्याच क्षणी धंदा बंद. अजून कोणी तिचे ऐकलेले नाही, आदेश निघालेला नाही, गुन्हा शाबित झालेला नाही. सुनावणी किती दिवसांत घ्यायची याची मुदत या कलमांत कुठेही लिहिलेली नाही. आरटीओने पुढे तिला निर्दोष सोडले, तरी मधले दिवस कोणी भरून देत नाही. शिक्षा आधी आणि सुनावणी मग, असा हा उलटा न्याय आहे.

सुनावणीनंतर अधिकाऱ्यापुढे दोन वाटा असतात. एक तर सोडून द्यायचे, नाही तर पहिल्या वेळी तीन महिन्यांसाठी अपात्र ठरवायचे. दुसऱ्या वेळी लायसन थेट रद्द. तीन महिने संपल्यावरही ते आपोआप हातात पडत नाही. चालकाचे उजळणी प्रशिक्षण पूर्ण केल्याशिवाय ते परत द्यायचे नाही, अशीही तरतूद त्याच दुरुस्तीने केली. तोवर गाडी बाहेर काढली तर कलम १८२ प्रमाणे तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. आणि त्यात अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करायला मोकळी.

आणखी एक गोष्ट बायांना कोणी सांगत नाही. जागेवर दंड भरला म्हणजे सुटलो, अशी सगळ्यांची समजूत असते. कलम २०० मध्ये २०१९ पासून स्पष्ट लिहिले आहे की दंड भरून तडजोड केली तरी लायसनवरची कारवाई थांबत नाही. पावती घेऊन बाई घरी जाते, सुटकेचा श्वास टाकते, आणि फाइल तिच्या मागे चालत राहते.

नोटीस कोणाच्या दारात जाते?

कोणी म्हणेल, हा कायदा पुरुषाला लागतो तसाच बाईला. कलमात तसे आहे खरे. पण नोटीस कुठे जाते ते विचारा.

एक बाई शाळेच्या मुलांची व्हॅन चालवते. चार वर्षांपूर्वी नवऱ्याचे घर सोडून ती दोन मुली घेऊन बहिणीकडे राहायला आली. लायसन लग्नानंतर काढलेले, म्हणून त्यावर पत्ता सासरचा. मोबाईल नंबरही नवऱ्याचा, कारण तेव्हा घरात फोन एकच होता. गाडी चालवताना मोबाईल हातात होता म्हणून धोकादायक वाहन चालवण्याच्या कलमाखाली तिचे लायसन घेतले. ती म्हणते, गाडी कडेला उभी केली होती, एका मुलीच्या आईचा फोन होता. खरे काय ते सुनावणीत ठरले असते. वाहतूक शाखेत गेली की "आम्ही पाठवलं", आरटीओत गेली की "आमच्याकडे आलं नाही". या दोन खिडक्यांमध्ये तिने तीन आठवडे काढले. व्हॅन बंद राहिली तर पालक मुले दुसरीकडे लावतील, म्हणून रोजाने एक चालक ठेवला. महिनाअखेर त्याची मजुरी आणि गाडीचा हप्ता देऊन तिच्या हातात काहीच उरले नाही.

नोटीस निघाली होती. ती सासरच्या पत्त्यावर गेली. नवऱ्याने घेतली आणि ठेवून दिली. सुनावणीच्या दिवशी ती हजर नाही, म्हणून एकतर्फी आदेश झाला, तीन महिने अपात्र. आमच्याकडे ती आली ती आदेशाची प्रत घेऊन. आम्ही अपील केले. नवऱ्यापासून वेगळी राहत असल्याचा पुरावा म्हणून तिच्याच पोटगीच्या अर्जाची प्रत जोडली. आदेश रद्द झाला, पुन्हा सुनावणी झाली आणि तिला सोडून दिले. पण तोवर दोन महिने उलटून गेले होते आणि पाच मुलांच्या पालकांनी दुसरी गाडी लावली होती.

या गोष्टीत नवरा दुष्ट आहे, एवढ्यावर थांबू नका. नवऱ्याला हे हत्यार दिले कोणी? "रहिवासाचा पत्ता" बाईचा असतो कधी? लग्नाआधी बापाचा, लग्नानंतर नवऱ्याचा. घर सुटले की तिचा पत्ता सुटतो, आणि सगळी सरकारी नोटीस-यंत्रणा त्या सुटलेल्या पत्त्यावर उभी आहे. नवा पत्ता नोंदवायचा तर भाडेकरार हवा, आणि घरमालक एकट्या बाईला करार लिहून देत नाही. ऑनलाइन करायचे तर मोबाईलवर ओटीपी येतो, आणि नोंदीतला मोबाईल नवऱ्याच्या खिशात. कायदा सगळ्यांना सारखा म्हणताना ज्याच्या नावे घर आहे आणि ज्याच्या हातात फोन आहे असा माणूस डोळ्यांसमोर असतो. तो माणूस बाई नसते.

नवऱ्याने लायसन किंवा गाडीची कागदपत्रे दडवून ठेवल्याची तक्रारही केंद्रात येते. तिची नोंद "कागदपत्रे हरवली" अशी करू नका. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात आर्थिक छळाची व्याख्या आहे. बाईच्या वापरातल्या साधनांपासून तिला अडवणे त्यात बसते. ती कागदपत्रे परत मिळावीत म्हणून मॅजिस्ट्रेटकडे मागणी करता येते.

आई आणि दोन लेकरे म्हणजे "ट्रिपल सीट"

सकाळी कोणत्याही गावात शाळेच्या फाटकासमोर उभे राहा. स्कूटीवर पुढे एक पोर, मागे एक, मधे आई, हँडलला डबे. कायद्याच्या भाषेत हा गुन्हा आहे. दुचाकीवर चालकाखेरीज एकच माणूस बसू शकतो. कलम १९४सी, दंड १,००० रुपये आणि तीन महिने लायसन बंद. हेल्मेट नसेल तर कलम १९४डी, पुन्हा तेवढाच दंड आणि तेवढेच तीन महिने.

हे धोक्याचे आहे, यात वाद नाही. पण एकाच बाईला दोन लेकरे शाळेत सोडून वेळेत कामावर पोचायचे असते, तेव्हा गावात बस नसते, शाळेची गाडी परवडत नाही, आणि मुले पोचवणे हे काम बापाचेही आहे असे कोणाला वाटत नाही. त्या सगळ्याची किंमत तिच्या लायसनवर चढते.

आता समजा हीच बाई दिवसभर रिक्षा चालवते. लायसन एकच, त्यावर दुचाकीही आणि रिक्षाही. स्कूटीवरच्या चुकीसाठी रिक्षा का बंद व्हावी? कलम १९ चे शब्द इथे आपल्या बाजूने आहेत. अधिकारी लायसनवरच्या "सर्व किंवा कोणत्याही" वर्गाच्या वाहनांसाठी अपात्र ठरवू शकतो. म्हणजे बंदी दुचाकीपुरती ठेवा, रिक्षा चालू द्या, असे म्हणण्याला कायद्यात जागा आहे. पण हे मागावे लागते, लेखी मागावे लागते, आणि मागणारे माणूस शेजारी असावे लागते. न मागता सरसकट बंदीचा शिक्का बसतो, कारण तो सोपा.

"दारूड्यांना सोडवणार का?"

हा लेख लिहिण्याआधी एका बैठकीत मी हे मांडले तेव्हा एका जुन्या मैत्रिणीने विचारले, "बाटली आडवी करणाऱ्या आपण, आता दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांची वकिली करायची का?" प्रश्न रास्त आहे. २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसे मेली. त्यामागे राहिलेल्या विधवांचे भरपाईचे दावे मीही चालवते. बेफाम चालवणाऱ्याचे लायसन गेलेच पाहिजे, तो पुरुष असो की बाई.

पण सुनावणी मागणे म्हणजे सूट मागणे नव्हे. आरोप खरा असेल तर सुनावणीत तो टिकेल. आपले भांडण सुनावणीआधीच्या शिक्षेशी आहे, न पोचलेल्या नोटिशीशी आहे, छापील नमुन्यात नाव भरून काढलेल्या आदेशाशी आहे. आणि स्कूटीवरचे दुसरे पोर आणि दारू पिऊन चालवलेला ट्रक यांना एकाच पोटकलमात बांधून एकच तीन महिन्यांचे माप लावण्याशी आहे.

ही मागणी नवीन नाही. १९७७ मध्ये मनेका गांधींचा पासपोर्ट सरकारने "सार्वजनिक हितासाठी" जमा करायला सांगितला आणि कारणे द्यायला नकार दिला. १९७८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की अशी कारवाई न्याय्य आणि वाजवी रीतीनेच झाली पाहिजे, त्या व्यक्तीचे ऐकले पाहिजे. मुंबईच्या फुटपाथवर राहणाऱ्यांच्या खटल्यात १९८५ साली त्याच न्यायालयाने म्हटले की उपजीविकेचे साधन हिरावणे म्हणजे जगण्याचा हक्क हिरावणे. परदेशी जायच्या कागदासाठी ऐकून घ्यावे लागते, तर रोजच्या भाकरीच्या कागदासाठी का नाही? २०२२ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने एका स्त्रीच्या याचिकेवर स्पष्ट केले की पोलीस लायसन जप्त करून पाठवू शकतात, पण निलंबित करण्याचा अधिकार त्यांचा नाही, तो लायसन देणाऱ्या अधिकाऱ्याचा. चौकातला हवालदार "तीन महिने विसरा" म्हणतो तेव्हा हा निकाल आठवायचा.

फोटोपुरते सबलीकरण

शीला डावरे यांनी १९८८ मध्ये पुण्यात रिक्षा चालवायला सुरुवात केली तेव्हा बाईच्या हाती रिक्षा ही बातमी होती. २०१६ साली राज्य सरकारने रिक्षा परमिटांत स्त्रियांसाठी ५ टक्के जागा राखल्या, त्यांच्या रिक्षांना अबोली रंग दिला. २०२४ मध्ये गुलाबी ई-रिक्षांची योजना आली. किमतीतले २० टक्के शासन देणार, १० टक्के बाईने घालायचे, ७० टक्के बँकेचे कर्ज. चावी देतानाचे फोटो छापून येतात.

पण कर्ज ७० टक्के आहे आणि लायसन तीन महिने बंद झाले तर हप्ता कोण भरणार? त्या योजनेची ही बाजू कोणी पाहिली आहे का? रंग दिला म्हणजे रस्ता दिला असे होत नाही. स्टँडवर आधीच तिची रिक्षा रांगेत घुसू देत नाहीत. तिचे लायसन गेले की "बायकांना जमत नाही" हे सिद्ध झाले म्हणून हसायला माणसे टपलेली असतात. बाया थोड्या आहेत म्हणून प्रश्न छोटा आहे, असे म्हणू नका. थोड्या आहेत म्हणूनच एकीचे जाणे दहाजणींना घरी बसवते.

मोफत वकील: हक्क आहे, वापर नाही

१९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा १९९५ पासून अमलात आहे. त्याच्या कलम १२ प्रमाणे प्रत्येक स्त्रीला मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे. तिच्या उत्पन्नाची अट नाही. जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण असते, तालुक्याला समिती असते, १५१०० हा फोन आहे.

"ही मदत कोर्टाच्या कामासाठी, आरटीओसाठी नाही," असे मला एका कार्यालयात सांगण्यात आले. हे खोटे आहे. त्याच कायद्याच्या कलम २ मध्ये "न्यायालय" या शब्दात न्यायिक किंवा अर्धन्यायिक काम करणारे अधिकारीही धरले आहेत, आणि "विधी सेवा" यात इतर प्राधिकाऱ्यांपुढच्या कामातली मदत आणि कोणत्याही कायदेशीर बाबीवरचा सल्ला येतो. नोटीस द्यायची, म्हणणे ऐकायचे, कारणे लिहून हक्क काढून घ्यायचा, हे अर्धन्यायिक काम नाही तर काय आहे? कलम २ ची प्रत सोबत ठेवा आणि टेबलावर ठेवा.

बाई केंद्रात आली की काय करायचे ते थोडक्यात. पोच पाहा. तिच्यावर कलम २०६ चे कोणते पोटकलम लिहिले आहे? दुसऱ्या-तिसऱ्याखाली असेल तर ती गाडी चालवू शकते, मात्र पोचेवर तारीख घातली असेल तर तेवढ्याच मुदतीपर्यंत. चौथ्याखाली असेल तर त्याच दिवशी आरटीओला अर्ज द्या. अर्जात तिचा सध्याचा पत्ता आणि तिचा स्वतःचा मोबाईल लिहा, लवकर सुनावणी मागा, आणि अर्जाच्या प्रतीवर आवक शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. सुनावणीत तिचे म्हणणे लेखी द्या. ती पोट कशावर भरते, घरात कोण अवलंबून आहे, बंदी एका वर्गापुरती का हवी, हे त्यात असू द्या. आदेश विरुद्ध गेला तर ३० दिवस मोजायला लागा आणि अपिलासोबत स्थगितीचा अर्ज जोडा. तीन महिने संपायची वाट न पाहता उजळणी प्रशिक्षणाची चौकशी करा, नाही तर चौथा महिना त्यातच जातो. यांतल्या बहुतेक गोष्टींना वकीलही लागत नाही. लिहिता येणारी, न घाबरणारी कार्यकर्ती पुरते.

आपण काय मागायचे

शासनाकडे आणि परिवहन खात्याकडे:

१. लायसन जप्त झाल्यापासून सात दिवसांत सुनावणी व्हावी. झाली नाही तर निर्णय होईपर्यंत लायसन परत द्यावे.

२. जप्तीचे दिवस बंदीच्या मुदतीत धरावेत.

३. जप्तीच्या वेळी चालकाने सांगितलेला पत्ता आणि फोन पोचेवर लिहावा, नोटीस तिथेच जावी.

४. बंदी कोणत्या वर्गाच्या वाहनापुरती आणि का, हे आदेशात मराठीत कारणांसह लिहावे.

५. उजळणी प्रशिक्षण तालुक्याला मिळावे, गाडी चालवून पोट भरणाऱ्या बायांना ते मोफत असावे.

विधी सेवा प्राधिकरणाकडे: आरटीओच्या सुनावणीच्या दिवशी पॅनेलवरची वकील तिथे हजर असावी.

आणि आपल्याकडे: प्रत्येक केंद्राच्या नोंदवहीत "उपजीविकेचा परवाना" हा रकाना आजपासून हवा. त्यात रिक्षावालीचे लायसन येईल, तसे भाजीवालीचे फेरीचे कार्डही येईल. गावोगावच्या किती बायांची लायसन अडकली आहेत, किती दिवस, कोणत्या कलमाखाली, हे आज कोणी मोजत नाही. आपण मोजले तर बोलताना हातात आकडे असतील.

एके काळी कलम १२५ हे वकिलांचे काम होते. आपण ते शिबिरांतून शिकलो, शिकवले, आणि आज नव्या संहितेत त्याचा आकडा १४४ झाला तरी खेड्यातली बाई पोटगी मागायला येताना बिचकत नाही. नवऱ्याकडून मिळणाऱ्या पोटगीसाठी आपण एवढे केले. जी बाई पोटगीवर न विसंबता स्वतःच्या हाताने स्टिअरिंग धरते, तिच्यासाठी पुढच्या शिबिरात कलम १९ आणि कलम २०६ शिकायला एक सकाळ राखून ठेवा. फलकावर ही दोन कलमे लिहा, आणि शिकवायला वकिलाच्या आधी स्टँडवरच्या एखाद्या रिक्षावालीला बोलवा.